वैजूनानांचा बुधवार

वैजूनाना विनोद सांगायचे आणि तो संपायच्या आत माफी मागायचे. "माफ करा बरं का, कुणाला लागलं आसंल तर." समोर आम्ही दोघं-तिघं असायचो आणि विनोद बहुधा एखाद्या कोंबडीवर असायचा. तरी माफी. एकदा तर त्यांनी कोंबडीचीही मागितली.

आमच्या गावच्या दूध सोसायटीच्या केंद्रावर नाना फॅट काढायचे आणि मी कॅन उचलायचो. वर्षानुवर्षं दूध तपासून त्यांना अशी सवय लागली होती, की माणसाचं बोलणंही ते फॅटवरच मोजायचे. सरपंचाचं भाषण ऐकून आले की हळूच सांगायचे, "निव्वळ पाणी. दीड बी लागंना." आणि लगेच मागं वळून बघायचे.

नाना सगळ्यांना भ्यायचे. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना तर भ्यायचेच, पण त्यांच्या जीपलाही भ्यायचे. जीप नुसती झाडाखाली उभी असली तरी तिला नमस्कार करून पुढं जायचे.

"नाना, रिकाम्या गाडीला नमस्कार कशाला?" मी एकदा विचारलं.

"बापू, काच काळी हाय. आत कुणी हाय का न्हाई, आपल्याला काय कळतंय?"

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. सकाळचे दोन कॅन भरले तरी आम्ही एकमेकांचं अभिनंदन करायचो. नानांची गाय आणि म्हैस चारा छावणीत गेली. जनावरांजवळ माणूस लागतं, म्हणून नानांची बायको, आमच्या काकूही तिकडंच ताडपत्रीच्या खोपीत राहायला गेल्या. छावणी सोसायटीची होती आणि सोसायटी चेअरमनसाहेबांची होती.

केंद्रावर काम उरलं नव्हतं. नाना छावणीत जेवणाचा डबा देऊन यायचे आणि आल्या आल्या काहीतरी नवीन सांगायचे. आवाज अगदी बारीक, ओठ जवळजवळ बंद. आम्ही पोट धरून हसायचो.

त्याच सुमारास केजच्या बायपासवरच्या एका परमिट रूममध्ये नवीनच प्रकार सुरू झाला. मालकाचा पुतण्या पुण्याहून परत आला होता. दर बुधवारी संध्याकाळी तो कोपऱ्यात माइक लावायचा. कुणीही उठावं आणि पाच मिनिटं लोकांना हसवावं. मी नानांना म्हणालो, "चला."

"मेलो," नाना म्हणाले. पण आले. मला नवलच वाटलं.

पहिल्या बुधवारी नुसता सोडा पिऊन परतले. दुसऱ्या बुधवारी पुतण्यानं नाव पुकारलं, तर टेबलाखाली वाकून चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या. तिसऱ्या बुधवारी मात्र माइकजवळच्या ओट्यावर चढले. भरलेला कॅन धरावा तसा दोन्ही हातांनी माइक धरला आणि म्हणाले, "नमस्कार. आधीच माफी मागतो."

मागच्या टेबलावरचा एक जण हसला. नानांना जरा धीर आला. "आमच्या छावणीत मागं साहेबांचा सत्कार झाला..." त्यांनी सुरुवात केली, आणि तेवढ्यात दार उघडून खुद्द चेअरमनसाहेब आत आले. मागं पांढऱ्या कपड्यांतली तीन माणसं. अर्धं हॉटेल उठून उभं राहिलं आणि पुन्हा बसलं. साहेब पुढच्याच टेबलावर बसले आणि शेंगदाण्याची बशी जवळ ओढली.

नानांचा श्वास तेवढा स्पीकरमधून ऐकू येत होता. मी हातानं खुणा केल्या, उतरा, उतरा. मला वाटलं, आता कोंबडीवर काहीतरी सांगून खाली येतील.

"साहेबांच्या गळ्यात झेंडूचा हार," नाना म्हणाले. "खांद्यावर हिरवी शाल. म्होरं एक गाय. तिनं सा म्हैने हिरवं बघितलं नव्हतं. तिला वाटलं, चारा चालत आला."

एवढं बोलून ते थांबले. कुणी हसलं नाही. सगळे साहेबांच्या तोंडाकडं बघत होते. साहेबांचं चावणं थांबलं होतं.

"तिनं हार खाल्ला. मग शाल ओढली. साहेब वरडले, सोडवा! तर फोटोवाला म्हनतो, साहेब, आसंच ऱ्हावा, लई जिव्हाळा दिसतोय."

फ्रीजची घरघर ऐकू येत होती.

"गाय कुणाची होती ती?" साहेबांनी विचारलं. आवाज अगदी साधा.

"आ... आमचीच, साहेब."

"आसं व्हय."

साहेबांनी हात झटकले, उठले आणि निघून गेले. त्यांच्या मागं ती तिघं. नानांनी रिकाम्या खुर्चीची माफी मागितली.

परतताना मोटारसायकलवर त्यांनी माझा सदरा दोन्ही मुठींनी धरला होता. "बापू, उद्या आमचा चारा येईल का रं?"

मी चिडलो होतो. "मग उतरला का न्हाईत?"

"उतरायचंच होतं. पाय हलंनात. मग तोंडच हललं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही छावणीत गेलो. चाऱ्याचा ट्रॅक्टर रोज आठला यायचा, त्या दिवशी दहा वाजले तरी पत्ता नाही. माणसं कार्ड हातात धरून उभी होती. नाना म्हशीच्या आड उभे होते. ट्रॅक्टर आला. वाटणारा एकेक नंबर पुकारू लागला. नानांच्या नंबराशी तो थांबला, कागद बघितला, नानांकडं बघितलं. मग त्यानं पेंढ्या खाली टाकल्या. इतरांना टाकल्या तेवढ्याच. साहेबांनी सोडून दिलं की अजून मनात ठेवलंय, ते कळायला मार्ग नव्हता.

काकू हात पुसत आल्या आणि त्यांनी नानांना सोडून मलाच विचारलं, "हसले का?"

"कोण, काकू?"

"ते 'चारा चालत आला' म्हनल्यावर. तितं थांबा म्हनून सांगितलतं मी. थांबले का हे?"

मी नानांकडं बघितलं. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. छावणी सुरू झाल्यापासून केंद्रावर आम्ही ज्याला ज्याला हसलो होतो, ते सगळं या खोपीतून आलं होतं. दिवसभर जनावरांत बसून काकू सगळं बघायच्या आणि नाना ते डब्याबरोबर परत आणायचे. परमिट रूममध्ये काही काकूंना जाता येणार नव्हतं.

"थांबलो तर," नाना म्हणाले. "लई हसले."

"खरंच?" काकूंनी पुन्हा मलाच विचारलं.

"काकू, माणसं खुर्चीवरून पडली," मी म्हणालो.

त्यांनी एक पेंढी सोडून म्हशीपुढं सारली. मग खालीच बघत नानांना विचारलं, "तितं माझं नाव घेतलं का?"

नानांनी उकरलेली माती पायानं परत सारली. "न्हाई," ते म्हणाले. "भ्यालो."

"बरं केलं," काकू म्हणाल्या. "चाऱ्याचं कार्ड माझ्याच नावावर हाय."

मला हसू फुटलं. रात्रभराची भीती त्यात होती की काय, पण थांबवता येईना. काकू आधी दचकल्या. मग पदर तोंडाला लावून, मान किंचित वाकडी करून, माझं हसणं संपेपर्यंत त्या ऐकत उभ्या राहिल्या.