सर्व्हरचा एकच दरवाजा

आठ वर्षं जिन्याशेजारच्या टेबलावर काढल्यावर गोपाळकृष्ण बेहेरे यांना हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीत काचेची केबिन मिळाली. पण आत चिटपाखरू फिरकेना. माणसं आपापल्या टेबलावरून अमेरिकेतल्या सर्व्हरवर शिरत, काम उरकत आणि साहेबांना न विचारता घरी जात. केबिन आहे आणि विचारायला कुणी येत नाही, हे दुःख सांगायचं तरी कुणाला!

शेवटी त्यांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या पूर्वाला बोलावलं.

"कुठल्या मशिनवरून सर्व्हरवर शिरायचं, ते ठरवता येतं म्हणे?"

"येतं ना सर. यादीत ज्या मशिनचं नाव, त्यालाच प्रवेश. बाकी सगळी बाहेर."

"उत्तम. यादीत एकच नाव ठेवा. माझ्या मशिनचं."

"सर, चाळीस माणसं आहेत!"

"येतील की माझ्याकडे. सिक्युरिटी म्हणतात याला."

पूर्वाने लेखी आदेश मागितला. बेहेऱ्यांनी झोकात सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर रांग लागली. बेहेरे हरखून गेले. "काय काम काढलंत?" असं विचारून एकेकाला आत घेऊ लागले. पण काम करायचं तर मशिनसमोर बसायला हवं, आणि तिथे खुर्ची एकच. साहेब उठले ते उठलेच. दुपारी डबा त्यांनी जिन्यात खाल्ला. बुधवारी ते फाइली मांडीवर घेऊन वॉटर कूलरशेजारी स्टुलावर बसले होते, आणि रांग आवरायला पूर्वा आत होती.

नेमक्या तेव्हाच कंपनीच्या मालकीणबाई पद्मजा मॅडम आल्या.

"बेहेरे, इथे काय करताय?"

"लक्ष ठेवतोय, मॅडम."

"कुणावर? कूलरवर?" मॅडमनी काचेतून आत पाहिलं. "आत काम चाललेलं दिसतंय. मग केबिन तिलाच असू द्या. तुम्ही तिच्या टेबलावर बसा."

बेहेरे फाइली उचलून पूर्वाच्या टेबलावर जाऊन बसले. त्यातून महिन्याचा अहवाल त्याच संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचा होता आणि तो होता सर्व्हरवर. टेबलावरच्या मशिनने त्यांना साफ हाकललं. त्यांनी केबिनची काच वाजवली.

"पूर्वा, तेवढं माझं हे मशिन यादीत घाला की."

"लेखी आदेश आहे ना सर. बदलायचा तर मॅडमना सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. सांगू?"

"नको, नको!"

"मग या ना, इथूनच करा. फक्त रांगेने."

बेहेरे रांगेत आठवे उभे राहिले. त्यांच्या मागे आणखी दोघं येऊन थांबली. त्यांतला एक घड्याळ बघत म्हणाला,

"सर, लवकर आटपा हं. आम्हाला कामं आहेत."