उजवी पाकळी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. सगुणचा विषय निघाला की गाव अजून हसतं आणि मीही त्यात हसून घेतो. खरं काय घडलं ते मला एकट्याला ठाऊक आहे.

सगुण देवाला विचारून कॉम्प्युटर घेत होता. आमच्याकडे सोयरीक जुळवताना, विहीर खणताना देवळात प्रसाद लावतात. भट मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगुणने हात जोडून विचारलं, "सोळा जीबीची रॅम घेऊ?" भटाने देवाला घातलेलं गाऱ्हाणं मध्येच अडखळलं.

हा चोपड्याच्या फेरीबोटीवरचा माणूस. गोवा राज्य झालं त्या सुमारास नोकरीला लागला, नदीवर पूल आला तेव्हा बोट बंद झाली. साठी उलटल्यावर त्याच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. "बोट चलवपाचो खेळ खेळतलंय," म्हणाला, "नि व्हिडिओ कापून जोडतलंय." म्हापशाच्या दुकानदाराने सांगितलं, दोन्हीला ताकदीचं मशीन लागेल, सुटे भाग निवडून घ्या. तिथेच घात झाला. स्कूटर माझी, म्हणून मीही अडकलो.

प्रोसेसरला एक सोमवार गेला. मदरबोर्डाच्या वेळी कुठलीच पाकळी पडेना. दीड तास आम्ही मूर्तीकडे बघत उभे. ग्राफिक्स कार्डाला डावी पडली, तर हा दुसऱ्या कंपनीचं नाव घेऊन पुढच्या सोमवारी हजर.

"अरे, देवाला यातलं काय कळतं?" मी ओरडलो.

"तुका कळता?"

"नाही."

"मगे? घाय करता तो धक्क्याक आपटता."

हे त्याचं पालुपद. चहा निवत असो, पाऊस येत असो, धक्का ठरलेला. आम्हाला बघून दुकानदार आत हाक मारायचा, "आयलो गे देवाचो माणूस!"

शेवटी राहिला पॉवर सप्लाय. सगुणला ताप आला होता. "तू वच," तो म्हणाला. "विचार, दुकानात आसा तो ल्हान घेऊ? की पंधरा दिवस थांबून व्हडलो मागवू?"

मी गेलो, पण देवळात नाही. रस्त्यावरच्या हॉटेलात बसलो, भाजी-पाव खाल्ला, दोन चहा घेतले आणि परत येऊन सांगितलं, "उजवी पडली. लहान चालेल." मला फक्त हे प्रकरण संपवायचं होतं.

मशीन उभं राहिलं. मग त्याने मला बसवून दाखवलं, व्हिडिओ कसला होता ते. कुणाच्या तरी लग्नाचं वऱ्हाड त्याच्या बोटीतून गेलं होतं, त्याची कॅसेट. बुरशी लागलेली, कशीबशी एकदा कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलेली. वाजंत्री, नवरा, छत्र्या आणि मागे धक्क्यावर क्षणभर एक बाई, हातात डबा. सुलू. त्याची बायको. बोट लागायची वाट बघत उभी. ती जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि तिचा घरात एक फोटोही नव्हता.

"वऱ्हाड कापून काढतलंय," तो म्हणाला. "तेवढी तीच ठेवतलंय."

आठवड्याभरात पॉवर सप्लाय जळाला आणि जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. "कार्डाच्या मानाने फारच लहान बसवला," दुकानदार म्हणाला. कॅसेटची फीत तर उतरवतानाच तुटली होती.

 सगुण म्हणाला, "देवान होय म्हटला नि तरी जळला. म्हणजे तिचा तोंड माझ्या नशिबात नाय." त्यानंतर तो त्या देवळाची पायरी चढला नाही.

मोठा पॉवर सप्लाय, नवी डिस्क मीच आणून बसवून घेतली. तो त्यावर बोटीचा खेळ खेळायचा. बोट धक्क्याला लावायचा, भोंगा वाजवायचा आणि पडद्यावरच्या रिकाम्या धक्क्याकडे बघत थांबायचा. मी कंटाळून म्हणायचो, "सोड की आता, कोणी येत नाही." तो मला थांबवत म्हणायचा, "राव मरे. घाय कित्याक?"

कितीदा त्याच्या शेजारी बसून मी घसा खाकरला. गेल्या गणेशचवथीआधी तो गेला. वाक्य माझ्यापाशीच राहिलं: सगुण, त्या दिवशी मी देवळात गेलोच नव्हतो. देवाने तुला काहीच सांगितलं नव्हतं रे, मी सांगितलं.