सुकाणूचा मान

बेअरिंग बदलणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं जावयाने जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. ज्याने आयुष्यात हातोडा धरला नाही, त्याला सगळंच डाव्या हातचं वाटतं!

सासऱ्यांच्या शिडाच्या बोटीची सुकाणूची बेअरिंगं झिजली होती. सुकाणू दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं खडखडायचं. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी जावयाला सुकाणूच्या दांड्याला बोट लावू दिलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, खडखडतंय, तुम्हाला झेपायचं नाही. म्हणून त्याने खडखडच संपवायची ठरवली. एकदा, फक्त एकदा त्याला बोट चालवायची होती.

बोट किनाऱ्यावर टेकूंवर उभी होती. सुकाणू बुडातून खाली उतरवायचं, तर खाली खड्डा हवा. तो जावयाने खणला आणि स्वतःच त्यात उतरून बसला. वर बोटीत धाकटा मेहुणा सुकाणूला बांधलेला दोर धरून होता. सांगितल्याशिवाय सोडायचा नाही, अशी त्याला ताकीद होती. सासरे खुर्ची टाकून टोमणे मारायला मोकळे.

तेवढ्यात बायको आली. नवऱ्याचं चिखलाने माखलेलं ध्यान बघून तिला राहवेना.

"अहो, सोडा ना आता."

मेहुण्याने दोर सोडला.

सुकाणू धाडकन खाली आलं. जावई सरकला म्हणून वाचला, पण पँटचा पाय सुकाणूखाली रुतला. सुकाणू हलेना, जावईही हलेना.

"मी यांना म्हणाले, नाद सोडा!" बायको भावावर कडाडली. "तुला मी जन्मात कधी 'सोडा' म्हटलंय का रे?"

मेहुणा वरून डोकावला. "मला वाटलं, ताईने आज पहिल्यांदाच मान दिला. मग मोडवेना."

शेवटी जावई पँट खड्ड्यात ठेवून वर आला. सासऱ्यांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मग मात्र चौघांनी मिळून नवी बेअरिंगं बसवली, आणि चक्क नीट बसली.

बोट पाण्यात उतरली. सुकाणू एका बोटाने वळत होतं, आवाज म्हणून नाही. जावयाने ऐटीत हात पुढे केला.

सासऱ्यांनी त्या हातात चहाचा रिकामा कप ठेवला.

"आता फार हलकं झालंय, जावईबापू. तुमचा हात जड आहे."