मेलेलीचं काम

विमल गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून मेथी निवडली. मिळून केलेलं शेवटचं काम म्हणाल तर तेच. आता मेथी निवडण्यात सांगण्यासारखं काय? तर माझी बायको मेलेली होऊन निवडत होती. मान ताठ, डोळे उघडे, चेहरा दगडाचा. फक्त कोपरापासून खालचे हात चालू. मी म्हटलं, "अगं, माणसासारखी बस की."

ओठ न हलवता म्हणाली, "हात तुम्हाला दिलेत. बाकीची मी गेलीय."

लोक म्हणतील म्हातारी चळली. चळली नव्हती. नाटकात होती.

मी सातपूरला लेथवर जन्म काढला, नाटकातलं मला काही कळत नाही. विमल संगीत नाटकाच्या कंपनीत. पगारी, हौशी नव्हे. पण सगळी हयात मागं उभं राहण्यात गेली. राणीमागची दासी, नायिकेची कडेची सखी. पदातली एखादी ओळ सगळ्यांबरोबर म्हणायची आणि आत जायचं. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "माझं काय, मी गर्दीतली." भाजीवाल्यानं जुडी बारकी दिली तरी तेच. "मी गर्दीतली म्हणून का रे?"

आणि स्वभावानं नुसती भिंगरी. एका घासाला दोनदा उठायची. कुणाच्या मयताला गेली तरी बसायची नाही. तिरडीच्या गाठी सैल आहेत म्हणून बाप्यांना रागवायची.

अशा बाईला म्हातारपणी पहिलं मोठं काम आलं, ते मेलेल्या बायकोचं. पडदा उघडतो तेव्हा ती खुर्चीत बसलेली. नवरा समोर उभा राहून अख्खं पद म्हणतो. तोवर तिनं हलायचं नाही. पापणी लवली तर लवू दे, पण ती कुणाला दिसता कामा नये. पद संपलं की मग तिनं गायचं. जन्मात पहिल्यांदा एकटीनं. दिग्दर्शक तोंडाचा फटकळ. म्हणाला, "विमलकाकू, शुक्रवारच्या तालमीत हललात, तर काम दुसरीला."

त्या दिवसापासून आमच्या घरात मरण सुरू झालं.

पांढरं पातळ नेसून ती खिडकीपाशी खुर्चीत बसायची, मी समोर स्टुलावर. ती हलली की मी टाळी वाजवायची, एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी इतक्या टाळ्या झाल्या की शेजारीण डोकावली, "काका, आरती चालू हाय का?" कुकरची शिट्टी झाली, हलली. खाली पार्किंगवरून दोघं भांडायला लागले, तर उठली, खिडकीतून दोघांनाही झापलं आणि परत येऊन मेली.

मग टाळ्या कमी होत गेल्या. मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. घर गप झालं. दार उघडं होतं म्हणून सिलेंडरवाला आत आला. तिला बघितलं, सिलेंडर हळूच खाली ठेवला आणि पाया पडला. विमल तशीच बसून, ओठ न हलवता म्हणाली, "ओट्यापाशी ठेव की." तो जिना कसा उतरला त्यालाच ठाऊक. रिकामा सिलेंडर मलाच फाटकापर्यंत उचलून न्यावा लागला.

आणि ती नजर! माझ्याकडं नाही, माझ्या डाव्या खांद्याच्या मागं. मी वळून बघितलं. मागं भिंत.

"काय बघते तिथं?"

"माणूस उभा केलाय."

"कोण?"

"सांगितलं की मोडतो तो."

मी स्टूल सरकवून दुसरीकडं बसलो. तिची नजर हळूहळू फिरली आणि परत माझ्याच डाव्या खांद्यामागं येऊन थांबली.

शुक्रवारी मीही गेलो. पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात तालीम होती. सकाळपासून तेच. पेटी, तबल्यावर हातोडी, एकच ओळ पुन्हा पुन्हा. नायक लवंग चघळत फिरत होता. चहा झाला आणि विमलची पाळी आली. ती बसली. नायकानं पद धरलं. मी सवयीनं टाळीला हात उचलून ठेवले. टाळी वाजवायची वेळच येईना. मी तिची छाती बघत होतो. तीही हलेना. मध्येच नायकाचा सूर गेला. म्हणाला, "सर, काकूंना बघा जरा."

पेटी थांबली. दिग्दर्शक जवळ गेला, पण हात लावायचा धीर होईना. "काकू? विमलकाकू?"

"पद संपलं नाही अजून," ती म्हणाली. "का थांबलात?"

सगळा हॉल हसला. मी मात्र टाळीला उचललेले हात खाली घ्यायचं विसरलो होतो. मग ती गायली. आवाज म्हाताराच, पण मागंपुढं दुसरा कुणाचा नाही. काम तिचंच राहिलं.

संध्याकाळी मेथी निवडताना मी विचारलं, "छाती कशी नाही हलली गं?"

"श्वास पोटात घ्यायचा. निऱ्यांमागं कुणाला दिसत नाही."

"आणि तो माणूस? आता तरी सांग."

तिचे हात थांबले. "तुम्हीच."

"मी तर समोर बसतो."

"समोरचे तुम्ही टाळ्या वाजवता, मला हसू येतं. मागचे ते, मी गेल्यावरचे. नुसते उभे असतात. काय करावं कळत नाही त्यांना. मी जरा हलले, तर त्यांना वाटेल, आली परत. मग कशी हलणार मी?"

मी म्हटलं, "येडी हाय का तू?"

"देठं लय ठेवता तुम्ही," ती म्हणाली.

सकाळी ती उठली नाही. हात लावला आणि कळलं, ही तालीम नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली. शेजारणी आल्या, रडारड सुरू झाली. कंपनीला कळवायचं कुणाला सुचलंच नाही. नेहमीच्या वेळेला तिला न्यायला गाडी आली आणि खाली हॉर्न वाजला.

मी पांढरं पातळ पिशवीत घातलं आणि खाली गेलो. तबलजी गणपत गाडी चालवायचा. त्याला सांगितलं. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागला.

"रडू नको, ऐक," मी म्हटलं. "काम आता दुसरीला जाईल. हे पातळ तिला दे आणि नीट सांग. श्वास पोटात घ्यायचा. बघायचं समोरच्याच्या खांद्यामागं. तिथं आपलं माणूस उभं करायचं."

"म्हणजे कसं, काका?"

त्याला कळेना, म्हणून मी गाडीत चढलो, त्याच्या शेजारी विमलच्या जागेवर बसलो आणि करून दाखवलं. मान ताठ. हात मांडीवर. नजर त्याच्या खांद्यामागं.

गणपतनं डोळे पुसले. "कळलं, काका. उतरा आता."

वरून कुणीतरी मला हाक मारली. मी हललो नाही.