स्नेही भेग

कोणतीही गोष्ट फोडण्यापूर्वी तिच्याशी दोन शब्द गोड बोलावेत, हे सुधारलेल्या समाजाचे लक्षण आहे. आमच्या वस्तीखालच्या खडकाच्या बाबतीत ते तंतोतंत पाळले गेले.

खडकाच्या पोटात उष्णता असते. तिची वीज होते. त्यासाठी खोल भोक पाडायचे, जोराच्या दाबाने द्रव सोडायचा आणि खडक तडकवायचा. पूर्वी त्या द्रवात विषारी रसायने असत, ते वाईटच. आता बियांच्या डिंकाचे पाणी वापरतात. त्याचे नाव पर्यावरणस्नेही द्रव. उद्घाटनाला इंजिनिअरसाहेबांनी सगळ्यांसमोर पेलाभर पिऊन दाखवला. (दुसरा पेला त्यांनी मागितला नाही.) टाळ्या पडल्या. दाबाचे कोणी विचारले नाही. दाब पिऊन दाखवता येत नाही.

आठवडाभरात जमीन हादरली आणि माझ्या वहिनीच्या स्वयंपाकघराची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. छपराची तुळई नेमकी त्याच भिंतीवर टेकलेली. वहिनी तडक प्रकल्पाच्या कार्यालयात गेली.

"साहेब, तुमचा तो स्नेही माझ्या घरात शिरलाय."

"अहो काकू, स्नेही म्हटल्यावर येणारच की!"

"येऊ दे ना. पण दारातून येऊ दे. भिंतीतून कशाला?"

प्रश्न गंभीर असल्याने चारजणांची समिती आली. (तिघे आत गेले, चौथ्याने छपराकडे एकदा पाहून अंगणातूनच सहमती दर्शवली.) त्यांनी भेगेत कापसाचा बोळा फिरवला, तो तपासला आणि निष्कर्ष काढला: भेगेत विषारी द्रव्य आढळले नाही, सबब सदर भेग पूर्णतः पर्यावरणस्नेही आहे. भिंतीवर तसा हिरवा बिल्ला चिकटवण्यात आला.

वहिनीने भेग बुजवायला गवंडी बोलावला, तर कार्यालयाची हरकत आली. सिमेंट पर्यावरणस्नेही नाही.

गवंड्याने थापी पिशवीत टाकली. "ताई, तुमच्यापेक्षा हिची वट जास्त आहे."

"मग भाडं तरी दे म्हणावं तिला," वहिनी म्हणाली आणि अंथरूण उचलून ओसरीवर आली. आता आत भेग झोपते. आज सकाळी तुळई आणखी बोटभर सरकली.

वीज मात्र खरोखर स्वच्छ आहे. हे वाचताना तुमच्या डोक्यावर जळणारा दिवा तिचा असेल, तर निर्धास्त वाचा. तिच्यात धूर नाही, विष नाही, वहिनी तर नाहीच नाही. आणि इथपर्यंत हसत आलात, म्हणजे तुम्हीही आमचे स्नेहीच.