संन्यासाच्या पिशवीतली गोळी

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही, आणि सांगितल्याशिवाय मला राहवतही नाही.

यंदा मी आमच्या सिंदी मेघे गावात छातीठोकपणे जाहीर केलं होतं, की सप्ताहाची सातही कीर्तनं हा नत्थू एकदाही न उठता ऐकेल. लोक हसले. हसणारच. गेल्या वर्षी अडीच तासांच्या कीर्तनात मी आठ वेळा उठलो होतो. हरिकथेतून मध्येच उठू नये हे मला कळतं, पण लघवीला कोण समजावणार? प्रल्हादासाठी खांबातून देव प्रगटला, तेव्हा मी मंडपामागच्या भिंतीशी उभा राहून थेंबाची वाट पाहत होतो.

म्हणून या वेळी आधीच वर्ध्याला डॉक्टर वर्षालीकडे गेलो. तपासण्या झाल्या. "वयामुळं प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे, भिण्यासारखं नाही. रोज जेवणानंतर एक गोळी. आणि काका, ह्या गोळीनं एक फरक पडू शकते..." असं ती सांगायला लागली. मुलीच्या वयाची पोर. पुढचं ऐकायची मला लाज वाटली. "हो हो, बस निघून जाईल," म्हणत मी बाहेर.

गोळी काय लागू पडली म्हणता! तीन दिवस मारुतीच्या मूर्तीसारखा बसलो. शेजारच्याच्या पायाला मुंग्या आल्या, मी हललो नाही.

चौथ्या दिवशी अण्णाजी महाराजांनी वैराग्य सांगितलं. आवाज असा, की चुलीवरचं दूध उतू जायचं थांबून ऐकत राहावं. शेवटी म्हणाले, "एकेकानं काहीतरी देवाच्या पायाशी सोडा." कुणी चहातली साखर सोडली, कुणी जावयाशी धरलेला अबोला. माझ्या अंगात संचारलं. उभा राहून गरजलो, "मी देहसुख सोडलं!"

बायकांच्या बाजूनं आमच्या कांताचा आवाज आला, "मले इचारलं होतं काय?"

दुसऱ्याच दुपारी, घरात दोघंच असताना, शब्द मोडला. छत्तीस वर्षांचा संसार आहे, जास्त विचारू नका. सगळं नेहमीसारखं झालं. फक्त शेवटी वीर्य आलंच नाही. थेंबसुद्धा नाही. देवानं वरूनच नळ बंद केल्यासारखं.

"काय झालं?" कांतानं विचारलं.

"देवानं माझा शब्द ऐकला," मी म्हणालो.

"मंग अर्धाच काऊन ऐकला?"

आज हे गेलं, उद्या उरलेलं जाईल आणि परवा बहुतेक मी, असा हिशेब मनात चालला होता. "महाराजाकडं चाललो मी," एवढंच बोलून निघालो. मला शब्द परत मागायचा होता. कांताला वाटलं, हा माणूस महाराजांच्या मागं कायमचाच चालला.

महाराज मुक्कामाला होते त्या नानाजींच्या ओसरीवर फेटा बांधत बसले होते. मी पाय धरले. "महाराज, माझा शब्द परत द्या." तेवढ्यात कांता आली, हातात पिशवी, डोळे लाल.

"संन्यासच घ्याचा असंन तं घ्या. यात स्वेटर आहे, कानटोपी आहे, अन् तुमची गोळी आहे. जेवल्यावर घेजा."

पिशवी तिनं अशी आपटली, की गोळ्यांची पट्टी घसरत महाराजांपुढं गेली. महाराजांनी ती चष्म्याजवळ धरली. मग चिपळ्यांच्या थैलीत हात घालून तशीच दुसरी पट्टी बाहेर काढली.

"कोरडं गेलं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान डोलावली.

"मी तं घाबरून अकरा गुरुवार धरले होते, माऊली. सातव्या गुरुवारी डॉक्टरले इचारलं. मले तं गोळीचंच निघालं. तुमचं तुम्ही इचारून या, आजच."

तासाभरात आम्ही दवाखान्यात. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो. विचारलं कांतानं, वांग्याचा भाव विचारावा तसं.

डॉक्टर हसली नाही. "काकू, ह्या गोळीनं मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल होतात, म्हणून लघवी मोकळी होते. त्यानंच वीर्य कमी येते, नाहीतर बाहेर यायच्या ऐवजी मागं मूत्राशयात जाते आणि लघवीसोबत निघून जाते. अपाय काही नाही. नको वाटलं तर गोळी बदलू, पण मनानं बंद करू नका. रक्त दिसलं, दुखलं, ताप आला, लघवी अडली, तर मात्र लगेच या." मग माझ्याकडं वळली. "हेच सांगत होती मी, काका. तुमची बस निघून जात होती."

परतताना ऑटोत मी असा मोकळ्या गळ्यानं गजर धरला, की चालकानं आपली गाणी बंद केली. कांता बाहेर पाहत हसत होती.

त्या दिवशीच्या कीर्तनात महाराज म्हणाले, "नत्थूभाऊचा शब्द देव परत देते, पण बदल्यात दुसरं काही द्या." मी विचार करेपर्यंत बायकांच्या बाजूनं उत्तर गेलं, "खर्रा!"

तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा, म्हणून ती तीस वर्षं मागं लागली होती. देहसुख परत मिळालं, खर्रा गेला. आता खरं सांगतो, देहसुख महिन्यातून एखाद्या वेळी आठवते. खर्रा दर तासाला.

तर एवढंच करा. कीर्तनातून कुणी पुन्हा पुन्हा उठताना दिसला, तर त्याला अभक्त म्हणू नका. पाय आवरून वाट द्या, उद्या डॉक्टरकडं जा म्हणून सांगा, आणि तेव्हा या नत्थूची आठवण ठेवा. मी तिथंच असतो, पुढच्या खांबाशी, न हलता, रिकाम्या तोंडानं.