परवाच्या घोळाची व पाचशे कडक भाकऱ्यांची हकीकत

जाणत्या वाचकांसी विदित व्हावे की, सोलापूर शहरी नवी पेठेत, कापडाच्या दुकानावरील दोन खोल्यांत, राजश्री सिद्धेश्वरीबाई प्रोग्रामबहाद्दर आणि त्यांचे भागीदार राजश्री अनिलकुमार सर्व्हररक्षक यांनी 'हाक' नामे ॲप उभारिले. भवानी पेठेतील गौरम्माबाई कडक भाकरीच्या कामात मातबर, सहा बायांच्या चुलींवर त्यांचा अंमल, परंतु अक्षरओळख नाही. सबब गिऱ्हाइकाने फोनात बोलावे, ॲपाने ऐकून वार व नग ध्यानी घ्यावे आणि रोज सकाळी बाईंस वाचून दाखवावे, ऐसी तजवीज होती. चार मास ती सुरळीत चालली आणि दोघे भागीदार बहुत खुशीत होते.

तों चैत्रमासी सोमवारी वैरागच्या वैजयंतीबाई, वधूच्या आत्या, यांनी फोनात फर्माविले की, “परवा पाचशे भाकऱ्या पायजेत, लग्न हाय.” आता परवा म्हणजे येणारा बुधवार, हे लहान लेकरासही कळावे. परंतु परवा गेलेलाही असतो, आणि यंत्राने गेलेलाच धरिला. मग शनिवारीच माल पोहोचता झाला ऐसे समजून त्याने गौरम्माबाईंस काही न कळविता उलट वैजयंतीबाईंसच विचारणा केली की, भाकऱ्या कैशा होत्या, तारे द्यावेत. बाईंनी हा शहरातला काही आगाऊ शिष्टाचार असेल ऐसे जाणोन पाच तारे बहाल केले.

बुधवारी सकाळी नऊ वाजता कचेरीत वैजयंतीबाईंचा फोन खणाणला. “गाडी निगाली न्हवं? सातला पंगत हाय.”

सिद्धेश्वरीबाईंच्या हातचा चहा हातीच राहिला. अनिलकुमार यांनी दफ्तर तपासून अर्ज केला की, माल पोहोचला आहे, गिऱ्हाईक राजी आहे, पाच तारे पडले आहेत.

“अनिल, लग्न आज आहे,” बाई म्हणाल्या.

मग उभयता रिक्षात बसोन भवानी पेठेत दाखल जाहले. वाटेत सिद्धेश्वरीबाईंच्या मनी आले की सबब सांगावी, नेटवर्क गेले म्हणावे. परंतु गौरम्माबाईंसमोर उभे राहताच ते धैर्य सरले आणि त्यांनी सारा मजकूर आपल्या नावे कबूल केला. गौरम्माबाईंचे हात पिठात होते. बावीस वर्षांत त्यांच्या भाकरीवाचून एकही पंगत अडली नव्हती.

“चूक कुनाची ते मागनं बगू,” हुकूम सुटला. “पाचशे म्हनलीस न्हवं? पेटवा चुली.”

सहा घरी सहा चुली धडाडल्या. पीठ निम्मेच होते, म्हणोन अनिलकुमार गिरणीवर रवाना जाहले आणि जोंधळ्याच्या पिठाचे पोते खांद्यावर घेऊन, सदरा पांढराफेक करून परतले. परतताच त्यांनी मसलत दिली की, यापुढे गिऱ्हाइकाने परवा म्हणूच नये, पडद्यावरील कॅलेंडरात बोटाने तारीख दाबावी.

गौरम्माबाईंनी भाकरी थापता थापता मान वर केली. “मला तारीख दाबाय आली असती तर तुमच्या दारात कशाला आले असते रं?”

ती मसलत तेथेच बुडाली.

मग सिद्धेश्वरीबाईंनी पिठाच्या डब्यावर लॅपटॉप मांडिला आणि नम्रपणे पुसिले, “अक्का, तुम्हाला कसं कळतं, कुठलं परवा ते?”

“आमच्या कन्नडात दोन शब्द हायती. मोन्ने म्हंजे गेलेलं, नाडिद्दु म्हंजे येनारं. तुमच्या मराठीनं दोन्ही एकात कोंबलंय.” भाकरी तव्यावर पडली. “पन अवगड काय हाय त्यात? परवा दिल्या, म्हंजे गेलेलं. परवा पायजेत, म्हंजे येनारं. मानूस शेवटापतुर ऐकतंय की. तुजं यंत्र मदीच उटून जातंय.”

आणि खरेच तैसे होते. यंत्र परवा ऐकताच वार ठरवून मोकळे होत असे, पुढील क्रियापदाची वाट पाहत नसे. सिद्धेश्वरीबाईंनी ती जागा धुंडून काढिली आणि सतरा ओळी नव्याने लिहिल्या की, आधी वाक्य पुरे ऐकावे, क्रियापद पाहावे, मग परवाचा निवाडा करावा.

“आन कुनी नुसतंच परवा पाचशे म्हनलं तर?” गौरम्माबाईंनी पुसिले.

“तर?”

“तर इचारावं की, बाई.”

तेव्हा इचारण्याचे वाक्यही त्यांच्याच आवाजात भरून घेतले.

इकडे गच्चीवर धुतलेल्या साड्या अंथरून भाकऱ्या मांडिल्या. सोलापूरच्या उन्हास एरवी सारे नावे ठेवितात, त्या दिवशी त्याने ऐसी कुमक केली की भाकऱ्या तिसऱ्या प्रहरी कडक होऊन वाजू लागल्या. साडेचारास टेंपो निघाला, अनिलकुमार मागे टोपल्या धरून बसले, आणि सव्वासहास वैरागच्या मांडवी पोहोचले.

“पोचल्या,” वैजयंतीबाईंचा फोन आला. “धा-बारा मोडल्या, त्या वऱ्हाड्यांनी हुबं ऱ्हाऊनच संपवल्या. लई झ्याक!”

गौरम्माबाईंनी ते ऐकिले, हात धुतले, आणि सिद्धेश्वरीबाईंच्या पुढ्यात चटणी-भाकरीचे ताट सरकाविले. “जेव आता. सकाळधरनं उपाशी हायस.” तेव्हा सिद्धेश्वरीबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी चटणी तिखट असल्याचे निमित्त केले.

गुरुवारी सकाळी अक्कलकोटाहून नीलम्माबाईंनी फोन केला, “परवा वीस.” यंत्राने गौरम्माबाईंच्या आवाजात पुसिले, “कुटलं परवा, बाई? गेलेलं का येनारं?” नीलम्माबाईंस वाटले, साक्षात गौरम्माच बोलते आहे, म्हणोन त्यांनी येणारं ऐसे सांगोन पुढे गुडघेदुखी, सुनेची नोकरी आणि नळाचे पाणी हा सारा वृत्तांत अकरा मिनिटे कथन केला. यंत्राने तो शेवटापर्यंत ऐकिला.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, चैत्र वद्य पक्षी, गुरुवारी, दफ्तरी नोंद जाहली ती ऐसी: वीस भाकऱ्या, शनिवार. गुडघ्याचा मजकूर गौरम्माबाईंनी स्वतः फोन करून ऐकिला. मोहीम फत्ते.